खुनाला प्रेम म्हणू नका

कार्मेनचा खून झाला. सुरुवात इथनंच करू. कारण बाकीचे सगळे या जागेवर येऊन थांबतात आणि रुमाल काढतात. १८४५ पासून आजपर्यंत शहाण्या माणसांनी या खुनाला एक गोंडस नाव दिलंय – प्रेमाची शोकांतिका. मी ती कादंबरी वाचली. फूटपाथवर मिळालेलं इंग्रजी भाषांतर, बाजूला डिक्शनरी, वेळ पाळी सुटल्यानंतरची. डोळ्यांतनं टिपूस आलं नाही. संताप आला. तो इथं मांडतोय.

मित्रांनो, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी आधी हकिगत.

प्रॉस्पेर मेरिमे हा फ्रेंच साहेब. जुन्या इमारती, जुनी देवळं तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर. १८३० साली स्पेन हिंडून आला आणि १८४५ साली त्यानं 'कार्मेन' छापली. लहानशी आहे, म्हणून कुणी तिला दीर्घकथाही म्हणतात. पुढं जॉर्ज बिझे या संगीतकारानं तिच्यावर ऑपेरा रचला. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार, फक्त गाणं फार आणि बोलणं थोडं. ३ मार्च १८७५ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला. घरंदाज प्रेक्षकांनी नाकं मुरडली. तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे वयाच्या ३६ व्या वर्षी वारला. आणि नंतर तोच ऑपेरा जगभर गाजला, अजून गाजतोय. त्यातली एखादी चाल तुम्ही कुठं ना कुठं ऐकलेली असणार, नाव ठाऊक नसेल एवढंच.

गोष्ट अशी. सेव्हिल शहरात तंबाखूचा भलामोठा कारखाना. चार-पाचशे बाया सिगार वळतात. उकाडा इतका की आत बाया कपडे सैल करून बसतात, म्हणून परवानगीशिवाय पुरुषांना मज्जाव. त्यातली एक कार्मेन, जातीनं जिप्सी. दारावर पहाऱ्याला सैनिक दॉन होसे. आत भांडण पेटतं, कार्मेन एकीच्या तोंडावर सुरी ओढते. होसे तिला पकडून नेतो, ती त्याला बोलण्यात गुंतवते, तो तिला निसटू देतो आणि स्वतः महिनाभर तुरुंगात जातो. पुढं तिच्यापायी तो आपल्याच अधिकाऱ्याला मारतो, फरार होतो, चोरटा माल नेणाऱ्यांच्या टोळीत शिरतो, तिच्या नवऱ्याला मारतो. शेवटी ती तोंडावर सांगते की आता माझं तुझ्यावर मन नाही. तो म्हणतो, अमेरिकेला चल. ती म्हणते, नाही. मग तो तिला एका सुनसान घळीत भोसकतो. दोनदा.

मोजा. तीन मुडदे. आणि हा आपला नायक. पुस्तक मिटल्यावर वाचकानं हळहळायचं ते याच्यासाठी.

आता या नायकाची जात बघू. आपल्याला ती बघायची सवय आहे आणि त्या सवयीची लाज नाही.

होसे स्वतःची ओळख करून देतो ती अशी: मी बास्क, नव्हाराचा, जुना ख्रिस्ती. नावामागं 'दॉन' लावायचा मला हक्क. गावी असतो तर कातड्यावर लिहिलेली वंशावळ दाखवली असती. 'जुना ख्रिस्ती' म्हणजे काय? ज्याच्या कुळात ज्यू नाही, मुसलमान नाही, रक्त स्वच्छ. स्पेनमध्ये या रक्तशुद्धीचे दाखले शेकडो वर्षं मागत होते, आणि दाखला नसला की मानाच्या जागांची दारं बंद. हे सर्टिफिकेट आपण चांगलं ओळखतो. आपल्याकडं ते खांद्यावरून घालतात.

तीन खुनांनंतर होसेला मरणाची शिक्षा होते. तिथंसुद्धा पाद्री कौतुकानं सांगतो की हा उमराव कुळातला, म्हणून याला फासावर लटकवणार नाहीत, गळपट्टा आवळून मारतील. मरणातही पंगत वेगळी!

आता ती सुरी. समीक्षक लिहितात, कार्मेन तापट, रानटी, आदिम. बरं. पण भांडण कशावरनं झालं ते कादंबरीत छापलेलं आहे, ते कुणी वाचतं की नाही? एक कामगारीण म्हणते, माझ्याजवळ गाढव घेण्याइतके पैसे आहेत. कार्मेन टोमणा मारते, तुला झाडू पुरत नाही का? म्हणजे तू चेटकीण. त्यावर ती बाई जातीवर येते. म्हणते, मी काही जिप्सी नाही, सैतानाच्या गोतातली नाही. तुलाच आता गाढवावर बसवून फिरवतील, मागनं माशा वारायला शिपाई असतील. माशा वारणं म्हणजे फटके. मराठी माणसाला गाढवावरची धिंड समजावून सांगायला नको. जातीवरनं शिवी, वर धिंडीची धमकी, आणि मग सुरी. सुरी चालवणं बरोबर असं मी म्हणत नाही. पण एकशेऐंशी वर्षं सगळ्यांना सुरी दिसते, शिवी कुणाला ऐकू येत नाही, ती का?

आमच्या लोट्याला कारखान्यांची वसाहत आहे. तिथं कंत्राटावर जाणाऱ्या बायांना विचारा. तोंड टाकून बोलणारा 'सहज बोलून गेला' असतो. उलट बोलणारी मात्र भांडखोर असते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव यादीत नसतं. सेव्हिल काय नि लोटे काय, दाराशी न्याय हाच.

पुढचा मुद्दा याहून मोठा. ही गोष्ट सांगतो कोण?

कादंबरीत बोलणारा एक फ्रेंच विद्वान आहे. ज्यूलियस सीझरची जुनी रणभूमी शोधायला आलाय. त्याला भेटतो होसे. होसे तुरुंगातनं आपली कथा सांगतो. त्या कथेत आहे कार्मेन. म्हणजे लिहितो मेरिमे, त्याच्या आत विद्वान, त्याच्या आत खुनी, आणि पार तळाशी मेलेली बाई. तिचं बहुतेक म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते तिला मारणाऱ्याच्या तोंडून. कुठल्या कोर्टात ही साक्ष चालेल? साहित्याच्या कोर्टात चालते. नुसती चालत नाही, अभिजात ठरते.

एवढ्यानं मेरिमेचं पोट भरलं नाही. पुस्तक करताना त्यानं चौथं प्रकरण मागाहून जोडलं. त्यात गोष्ट नाही. जिप्सी कसे दिसतात, कुठं राहतात, काय खातात, कसे फसवतात, त्यांच्या बाया कशा, भाषा कशी, याचं टिपण आहे. बाईला घळीत पुरली आणि वर तिच्या जमातीचं गॅझेटियर ठेवलं! त्यानंतर, १८७१ साली, आपल्याकडं इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी – गावोगाव हजेरी, अंगठ्यांचे ठसे, सेटलमेंटची तार. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या माणसांना तर तारेच्या आतनं गिरण्यांत कामाला नेत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. नजर गेली नाही. मेरिमेनं कायदा केला असं मी म्हणत नाही. पण दोघांची दौत एकच होती.

आणि होसेचं शेवटचं बोलणं ऐका. खून करून, पुरून, कबुली देऊन झाल्यावर तो म्हणतो, बिचारी पोर, दोष तिच्या जातवाल्यांचा, त्यांनीच तिला असं वाढवलं. खुनी सुटला, बाई मेली, गुन्हेगार कोण? तिची वस्ती!

हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. आठवायला वेळ लागला नाही. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन, सुधीर – चौघांना जमावानं ठार केलं. चिता विझली नव्हती तोवर कुजबुज सुरू झाली की बाईचेच संबंध होते म्हणे. म्हणजे दोष तिचा, तिच्या वागण्याचा, तिच्या लोकांचा. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीची २५ वर्षांची कैद केली. ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडं लागू धरला नाही. सूड म्हणाले. जात कुठं गेली? घळीत पुरली.

आता कुणी म्हणेल, ती कुठली स्पेनची जिप्सी, तिचा नि आपला काय संबंध? संबंध आहे. जिप्सी हे लोकांनी दिलेलं नाव. ते स्वतःला रोमा म्हणवतात. त्यांची भाषा हिंदुस्थानातली आहे, हे युरोपच्या पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ओळखलं. मेरिमेलाही ते माहीत होतं, त्यानं लिहून ठेवलंय. साधारण हजार वर्षांपूर्वी हे लोक इथनं वायव्येकडून बाहेर पडले. त्यांचे आकडे ऐका: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. नाकाला नाक, कानाला कान, मिठाला लोन, माणसाला मनुष. आणि पाण्याला म्हणतात – पानी. हजार वर्षं, अर्धं जग ओलांडलं, आणि तोंडात शब्द शिल्लक राहिला पाण्याचा. चवदार तळ्याच्या लेकरांना याच्या पुढं मी काय सांगू?

स्पेनमधले रोमा स्वतःला 'काले' म्हणतात. म्हणजे काळे. मरणाच्या दारात कार्मेन आपलं हेच नाव घेते आणि मी कुणाच्या मालकीची नाही म्हणून सांगते. या काळ्यांचं युरोपनं काय केलं? ३० जुलै १७४९ ला स्पेनच्या राजानं एका हुकमानं हजारो रोमांना धरलं. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत राबायला, बायापोरांना वेगळ्या कोंडवाड्यांत. रुमानियाच्या मुलखात १८५५-५६ पर्यंत ते उघड गुलाम होते. हिटलरच्या काळात मारलेल्या रोमांचा अंदाज अडीच ते पाच लाखांचा. पण यांच्याबद्दल जगाला काय पाठ आहे? लाल फूल, घागरा आणि कार्मेनचं गाणं. ज्यांची माणसं मारायची त्यांची गाणी गायची, ही रीत आपल्याला नवी नाही. लावणीवर फेटे उडतात. तमाशाच्या फडातल्या बाईला मात्र वाड्यात पाय ठेवू देत नाहीत.

ऑपेरानं तर आणखी सफाई केली. कादंबरीत नसलेली एक पोरगी आणली – मिकाएला. होसेच्या आईचा निरोप घेऊन येणारी, सोज्वळ, देवभोळी. म्हणजे एकीकडं सोवळी, एकीकडं ओवळी. प्रेक्षकाला सोपं जातं. कार्मेनचा नवरा काढून टाकला, म्हणजे होसेचा एक खून कमी. आणि शेवटचा खून कुठं? बैलझुंजीच्या मैदानाबाहेर. आत लोक जयजयकार करतायत, बाहेर बाई मरते. संगीत जबरदस्त आहे, नाकारणार नाही. मोबाईलवर ऐकलं, अंगावर काटा आला. म्हणूनच जास्त राग येतो. विष गोड असलं की जास्त प्यालं जातं.

१९५४ साली अमेरिकेत 'कार्मेन जोन्स' नावाचा सिनेमा निघाला. सगळे नट काळे, कार्मेन पॅराशूटच्या कारखान्यात कामाला. लोक खूश, काळ्यांना पडदा मिळाला म्हणून. जेम्स बाल्डविन हा काळा लेखक खूश झाला नाही. १९५५ च्या आपल्या पुस्तकात त्यानं या सिनेमाची साल काढली. काळी कातडी पडद्यावर आली, काळ्यांचं जगणं आलं नाही, असा त्याचा रोख. १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन उभ्या राहिलेल्या चळवळीचे आपण वारस. बाल्डविनचा हा धडा आपण गिरवला पाहिजे.

आणि जानेवारी २०१८ मध्ये इटलीत, फ्लॉरेन्सच्या नाटकघरात, दिग्दर्शकानं शेवट बदलला. कार्मेनच होसेला गोळी घालते. बायांवरच्या अत्याचारांचा निषेध म्हणून. हेतू चांगला. पण मला हे पटत नाही. मुडदा बदलल्यानं पंचनामा बदलत नाही. गोष्ट सांगणारा तोच राहिला, जमातीचं टिपण तेच राहिलं, फक्त बंदूक या हातातनं त्या हातात गेली. मला शेवट बदललेला नकोय. मला साक्षीदार बदलायचाय.

यावर दोन बाजूंनी ओरड होणार. दोन्हीला उत्तर देतो.

पहिली ओरड पांढरपेशा मित्रांची. कलेत जात आणू नका, प्रेम जातीपलीकडचं असतं. असं? २८ एप्रिल २०१४. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. खर्ड्याचा नितीन आगे, वय १७, शाळेत जाणारा पोरगा. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरनं त्याला मारून टाकला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फुटले. त्याच्यावर कुणी ऑपेरा केला? वंशावळवाल्यानं वस्तीतल्या बाईला मारलं की प्रेम, आणि वस्तीतल्या पोरानं वंशावळवाल्याच्या मुलीकडं नुसतं बघितलं की गुन्हा. प्रेम जातीपलीकडं असतं तर एवढा हिशोब बरोबर जातीच्या रेषेवरनं कसा फाटतो? नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मध्ये, २०१६ साली, काय झालं ते आठवा. सिनेमाभर गाणी, थेटरात पोरं नाचली. आणि शेवटच्या खुनाला आवाजच नाही. सगळं मुकं. खुनाला वाद्यं लावायची नसतात हे त्याला कळलं, कारण तो घळीच्या आतनं बघत होता.

दुसरी ओरड आपल्याच पोरांची. फ्रेंचांची पुस्तकं कशाला, फेकून द्या, आपलं आपण वाचू. नाही मित्रांनो. फेकायचं नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली, ओळन् ओळ ठाऊक करून घेऊन. कार्मेन वाचा. शत्रूचा पंचनामा शत्रूपेक्षा बारकाईनं वाचा. त्यातल्या फटीतनं ती बाई दिसते. खून होण्याआधी होसे तिला सोडून प्रार्थनेला गेला होता. ती पळू शकत होती. पळाली नाही, कारण भ्याली असं कुणी म्हणायला नको होतं. मेरिमेला ही बाई पुरती झाकता आली नाही.

आणि ही गोष्ट लांबची समजू नका. आमच्या वसाहतीचं सरकारी नाव लोटे परशुराम. चिपळूणच्या बाजूला घाटात परशुरामाचं देऊळ. पुराणातली त्याची कथा सगळ्यांना ठाऊक. आई रेणुका. नदीवर दुसऱ्या पुरुषाला पाहून तिचं मन क्षणभर हललं म्हणून बाप म्हणाला, हिला मार. पोरानं आईचं मुंडकं उडवलं. त्याला पितृभक्ती म्हणतात. बापानं वर दिला, ती पुन्हा उठली, म्हणून सगळं गोड झालं म्हणे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त या परशुरामाला जाहीर जाब विचारला होता. मी त्यात एवढीच भर घालतो: मन हललं म्हणून बाईला मारणं हे होसेचं काम आपल्या डोंगरावर फार जुनं आहे. आणि त्याच रेणुकेच्या, यल्लम्माच्या नावानं पोरी सोडल्या त्या बहुतेक कुणाच्या? आपल्याच घरच्या.

आता कडू बोलतो. हा लेख दुसऱ्यांना शिव्या देऊन संपवला तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. आठवड्यानं ती गेली. पेपरांनी काय छापलं? एकतर्फी प्रेम. प्रेम कुठलं आलं त्यात? नकार दिला म्हणून पेट्रोल, याला प्रेम म्हणणारा बातमीदार मेरिमेचाच चेला. पण नाक्यावर, क्रिकेटच्या मैदानात, वाड्यावाड्यांत, आणि आपल्या बौद्धवाडीतसुद्धा, पोरं हेच बोलतात: माझी नाही तर कुणाची नाही. गळ्यात निळा रुमाल आणि तोंडात होसेची भाषा. हे चालणार नाही. वंशावळ नसलेला होसे हाही होसेच. बाईचा नकार ज्याला पचत नाही त्यानं जयंतीच्या मिरवणुकीत पुढं नाचू नये.

मग करायचं काय? बाईला साक्षीदार करायचं. तिचं तोंड तिच्याच ताब्यात. आपल्याकडं हे झालेलं आहे आणि आपणच विसरलोय. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला. त्यात मुरळी सोडण्याविरुद्ध लिहिलं. आणि त्या पत्रात शिवूबाई जाधव या मुरळीनं स्वतः लिहिलं, छापून आलं. ध्यानात घ्या. युरोपच्या नाटकघरांत कार्मेन बिझेच्या सुरात गात होती, दर रात्री मरत होती, आणि इथं एक मुरळी शाईनं स्वतःची साक्ष देत होती. कुठली मोठी? बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' घ्या. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवारांचं 'आयदान' घ्या. तिथं मधे विद्वान नाही, तुरुंगातला खुनी नाही. बाई बोलते, आपण ऐकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. त्या दिवशी विहारात, समाजमंदिरात, जिथं जागा मिळेल तिथं बसा. 'कार्मेन'ची गोष्ट मराठीत सांगा. मग तीन प्रश्न फळ्यावर लिहा. हे सांगतंय कोण? शिवी कुणी दिली? दोष कुणाच्या वस्तीवर टाकला? चर्चेला बाया निम्म्या हव्यात, आणि पहिलं बोलणं त्यांचं. त्या म्हणतील ते लिहून घ्या, आम्हाला पाठवा, स्टेन्सिल कापायला मी बसतो.

होसेसाठी रडणारे पुष्कळ आहेत. त्यांना नाटकघरं आहेत, वाद्यवृंद आहेत, मखमली खुर्च्या आहेत. आपल्याजवळ चार पानं आणि शाईनं बरबटलेले हात आहेत. तेवढ्यात कार्मेनचा जबाब मावतो.

जय भीम!

– एक गिरणीकामगार
लोटे, ता. खेड, जि. रत्नागिरी